कासरा कोणाच्या हाती?

रानबैलाला माणसाळवून माणसाने दावणीला बांधले, त्याला साधारण दहा हजार वर्षे झाली. त्याचे चित्र मात्र त्याच्या कितीतरी आधी काढले गेले. फ्रान्समधल्या लास्को गुहेतले बैल सतरा हजार वर्षांच्या आसपासचे मानले जातात. म्हणजे खांद्यावर जू यायच्या आधी बैल भिंतीवर आला. तेव्हा शेत नव्हते, खळे नव्हते, गाडीही नव्हती. या जनावराचा माणसाला शिकारीपलीकडे काही उपयोग नव्हता. तरीही कोणीतरी दिवा घेऊन अंधारात शिरले आणि गुहेच्या भिंतीवर त्याला उभे करून आले.

तेव्हापासून चित्रकारांनी बैलाची पाठ सोडलेली नाही. पुढच्या पानांत एकत्र केलेली चित्रे या दीर्घ संगतीची आहेत. ती निवडताना पहिली अडचण आली ती अर्थाची. प्रतीकांच्या कोशात ‘बैल’ काढला की ठरलेली यादी मिळते: शक्ती, पौरुष, सुपीकता, कष्ट, हट्ट. यादीत चूक काही नाही, पण प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहिल्यावर ती फारशी कामाला येत नाही. कुठे बैल देव आहे, कुठे देवाचे वाहन, कुठे राबणारा गडी, कुठे खाटकापुढचे जनावर. एकच शब्द सगळ्यांना कसा पुरणार?

म्हणून या संग्रहात एक साधी कसोटी वापरली आहे. बैल कशाचे प्रतीक आहे हे विचारण्याआधी त्याचा दोर शोधायचा. दोर आहे का? असल्यास तो वेसणीत आहे, गळ्यात आहे की पायांत? आणि त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे? आपल्याहून कितीतरी बलवान असलेल्या जिवाशी माणूस त्या त्या काळी कसा वागला, याचा हिशेब त्या दोरात सापडतो. चित्रात माणूस दिसो वा न दिसो, बैलाचे चित्र माणसाबद्दल बोलत असते.

लास्कोमध्ये दोर नाही. सप्टेंबर १९४० मध्ये चार मुलांना ही गुहा सापडली. तिच्या बैलांच्या दालनातला सर्वांत मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे. अंग बाजूने दाखवलेले, शिंगे मात्र आपल्याकडे वळवलेली. एकाच जागेवरून पाहताना जनावर असे दिसत नाही. चित्रकाराला बैलाचे जे जे महत्त्वाचे वाटले ते सगळे त्याने एका आकृतीत बसवले आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गुहेत सापडलेली हाडे बहुतांशी रेनडिअरची आहेत, भिंतींवर मात्र रेनडिअर जवळपास नाहीच. जे रोज खाल्ले ते रंगवले नाही. संख्येने घोडे अधिक असले तरी आकाराने सर्वांत मोठा मान बैलाला दिला. पोट भरणाऱ्या जनावरापेक्षा दबदबा असलेले जनावर भिंतीवर आले, आणि प्रतीकाची सुरुवात इथेच होते. हे चित्र ज्याचे, तो ऑरॉक्स नावाचा रानबैल आता जगात नाही. त्या जातीची शेवटची मादी १६२७ मध्ये पोलंडमधल्या याक्टोरुव्हच्या जंगलात मेली. पाहणाऱ्यांच्या श्वासाने आणि वर्दळीने चित्रे बिघडू लागली तेव्हा १९६३ मध्ये लास्कोची गुहाही लोकांसाठी बंद झाली.

तुर्कस्तानातल्या चाताल ह्युयुक या नवाश्मयुगीन वस्तीत, आजपासून आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी, भिंतीवर एक प्रचंड लाल बैल रंगवला गेला. त्याच्याभोवती माणसे आहेत, पण ती मुंग्यांएवढी. क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या राजवाड्यात, ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकाच्या सुमारास, माणूस आणि बैल यांची मापे बरीच जवळ आलेली दिसतात. तिथल्या प्रसिद्ध भित्तिचित्रात बैल भरधाव आहे. एकाने समोरून शिंगे धरली आहेत, दुसरा त्याच्या पाठीवर उलटा झाला आहे, तिसरी आकृती मागे हात पसरून उभी आहे. हा खेळ होता, विधी होता की दोन्ही, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आर्थर एव्हान्स यांच्या उत्खननात चित्राचे तुकडेच हाती लागले आणि मधल्या जागा नंतर भरल्या गेल्या, हेही पाहताना विसरू नये. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. इथे बैलाला बांधलेले नाही आणि मारलेलेही नाही. त्याचा जोर अंगावर घेऊन माणूस पलीकडे उतरतो आहे.

दोर येतो तो शेतीबरोबर. इजिप्तमध्ये देर अल-मदिना इथे राजांची थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांची वसाहत होती. तिथल्या सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात, ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात, परलोकातली शेती रंगवली आहे. सेन्नेजेम एका हाताने नांगराचे रुमणे दाबून दुसऱ्या हातातला आसूड उगारतो आहे, पुढे बैलांची जोडी आहे आणि मागून त्याची बायको इयनेफर्ती बी टाकत चालली आहे. मराठी शेतकऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. मेल्यानंतर जिथे जायचे तिथेही नांगरट चुकणार नाही, म्हणून बैलजोडीही बरोबर हवी. याच इजिप्तमध्ये मेम्फिस इथे एका बैलाला एपिस देव मानत. तो मेला की त्याचे शव मसाला भरून सक्कारा इथे थोरल्या दगडी पेटीत पुरत. एका बैलाच्या मानेवर जू आणि दुसऱ्याला देवपण, ही विसंगती पुढे अनेक देशांत दिसते. आपणही तिला अपवाद नाही.

दोराचा सर्वांत सूक्ष्म विचार चीनमध्ये झाला. आठव्या शतकातला हान हुआंग हा तांग दरबारातला बडा मंत्री. त्याची ‘पाच बैल’ ही चित्रगुंडाळी बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. उंची जेमतेम एकवीस सेंटिमीटर, लांबी एक मीटर चाळीस. पाच बैल ओळीने उभे आहेत आणि पार्श्वभूमी जवळजवळ कोरी आहे. एक जण झुडपाला अंग घासतो, एक मागे वळून पाहतो, मधला थेट आपल्याकडे तोंड करून उभा आहे. समोरून पाहिलेला बैल काढणे किती कठीण, हे हातात पेन्सिल धरलेल्या कोणालाही विचारावे. पाचांपैकी फक्त शेवटच्या बैलाच्या डोक्याला लाल म्होरकी आहे. चीनमध्ये त्याआधीची एक गोष्ट प्रसिद्ध होती. ताओ होंगजिंग नावाच्या विद्वानाला बादशहाने नोकरीवर बोलावले, तेव्हा त्याने उत्तरादाखल दोन बैलांचे चित्र पाठवले. एक कुरणात मोकळा चरतो आहे. दुसऱ्याला सोन्याची म्होरकी आहे आणि मागे काठी घेतलेला माणूस. बादशहा काय ते समजला. हान हुआंगने स्वतः मंत्रिपद भूषवत असताना पाचव्या बैलाला म्होरकी घातली, तेव्हा ही गोष्ट त्याच्या मनात असणार, असे अनेक जाणकार मानतात.

बाराव्या शतकातला चिनी भिक्षू कुओआन याच्या नावाशी जोडलेली ‘बैल शोधण्याची दहा चित्रे’ पुढे जपानच्या झेन मठांत रुजली. गुराखी हरवलेला बैल शोधतो, त्याच्या खुरांचे ठसे पाहतो, बैल दिसतो, धरतो, दोराने आवरतो. मग दोर सैल होतो आणि गुराखी बैलाच्या पाठीवर बसून घरी निघतो. सातव्या चित्रात बैल नाही. आठव्यात बैल नाही, गुराखी नाही, दोरही नाही. फक्त एक रिकामे वर्तुळ. हा बैल म्हणजे आपलेच मन. ते आवरायला दोर लागतो, पण दोर हातात आहे तोवर काम अपुरे आहे, एवढे तत्त्वज्ञान ही चित्रे सांगतात.

भारतात येताना अजिंठ्यापाशी थांबायलाच हवे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांचे चित्र आहे. आजूबाजूला बोधिसत्त्व, राजे, जातककथा अशी सगळी करुणेची आणि वैराग्याची दुनिया. तिच्यातच कोणा चित्रकाराने वशिंड ताठ करून, कपाळाला कपाळ भिडवून दोन बैल उभे केले आहेत. धर्मोपदेशाशी त्यांचा संबंध जोडण्याची खटपट करू नये. झुंज ज्याने जवळून पाहिली आहे त्यालाच मानेचा असा बाक काढता येतो, एवढे पुरे.

नंदीचे प्रकरण निराळे. पहाडी लघुचित्रांत शिवाचे कुटुंब एखाद्या बिऱ्हाडासारखे येते. झाडाखाली मुले, पार्वती, जवळ बसलेला नंदी. कधी पार्वती त्याच्या पाठीवर आणि शंकर पायी. मंदिरातला नंदी गाभाऱ्याकडे तोंड करून बसतो. चौदा-पंधरा मणांचा हा जीव कोणी डांबून ठेवलेला नाही, तरी तो जागचा हलत नाही. दाव्याशिवाय बसलेला बैल ही भारतीय कल्पनेची खास देणगी आहे. जगातल्या इतर चित्रांत बैल एकतर मोकाट असतो नाहीतर बांधलेला. नंदी या दोन्हींत बसत नाही; तो आपखुशीने थांबला आहे.

युरोपातल्या चित्रांत बैल बराच काळ ग्रीक कथेचा वेष घेऊन येतो. झ्यूस देव पांढऱ्या बैलाचे रूप घेऊन युरोपा या राजकन्येला पळवतो. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी टिशनने १५५९ ते १५६२ या काळात रंगवलेले तिचे चित्र आज बोस्टनला आहे. बैलाच्या शिंगांना फुलांची माळ आहे आणि भेदरलेली युरोपा एका हाताने त्याचे शिंग धरून आहे. कासऱ्याच्या जागी फुले आहेत आणि ताबा पूर्णपणे बैलाचा. सत्ता गोंडस रूप घेऊन आली की काय होते, ते राजासाठी काढलेल्या चित्रात राजालाच दिसले असेल का, हा प्रश्न मनात येतो.

पाउलुस पॉटर या डच चित्रकाराने १६४७ मध्ये कथेचा हा वेष उतरवला. तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता. हेगच्या माउरित्शाउस संग्रहालयातला त्याचा ‘तरुण बैल’ जवळजवळ साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटर पस्तीस सेंटिमीटर उंच आहे. एवढा कॅनव्हास त्या काळी राजे, लढाया आणि संत यांच्यासाठी राखलेला असे. पॉटरने त्यावर गोऱ्ह्याचे ओलसर नाक, कपाळावरचे कुरळे केस, अंगावर घोंगावणाऱ्या माश्या आणि गवतातला ताजा पो रंगवला. सुरुवातीला त्याने फक्त बैलापुरता कॅनव्हास घेतला होता. बाकीची जनावरे, शेतकरी आणि झाड यांच्यासाठी नंतर बाजूने पट्ट्या जोडल्या. हा बैलही कोणी एक बैल नाही. वेगवेगळ्या वयाच्या जनावरांची रेखाटने जुळवून तो रचला आहे; खांदा एका वयाचा, मागची बाजू दुसऱ्या वयाची. इतके हुबेहूब वाटणारे चित्रही शेवटी बांधणीच असते, याचा हा उत्तम दाखला आहे.

स्पेनमध्ये मात्र बैल पुन्हा रिंगणात उतरतो. गोयाने १८१६ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ‘तौरोमाकिया’ ही ३३ मुद्राचित्रांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्यातले एकविसावे चित्र या संग्रहात मुद्दाम मोठ्या आकारात छापले आहे. १८०१ मध्ये माद्रिदच्या रिंगणातून एक बैल प्रेक्षकांत घुसला आणि तोरेहोन गावच्या प्रमुखाचा जीव गेला, तो हा प्रसंग. चित्राचा मोठा भाग रिकामा आहे. सगळी पळापळ एका बाजूला कोंबली आहे, आणि तिच्या मधोमध शिंगावर माणूस घेऊन बैल शांत उभा आहे. तो चिडलेला दिसत नाही. खेळ पाहायला आलेले लोक खेळाच्या आत सापडले, आणि चित्र पाहणाऱ्यालाही आपली बाकावरची जागा सुरक्षित वाटेनाशी होते.

रोझा बॉन्हरचे १८४९ मधले ‘निव्हर्नेतली नांगरट’ हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. सहा-सहा बैलांचे दोन नांगर चढ चढत आहेत, मातीची ढेकळे ताजी उलटलेली आहेत. माणसे बैलांआड जवळपास लपली आहेत. एक बैल मात्र मान किंचित वळवून आपल्याकडे पाहतो. त्या नजरेत कोणता अर्थ वाचायचा ते वाचकाने स्वतः ठरवावे. क्रांतीने युरोप ढवळून निघाला ते १८४८ चे वर्ष नुकतेच सरले होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

पिकासोवर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका या बास्क गावावर बॉम्बहल्ला झाला, त्यानंतर त्याने रंगवलेल्या पावणेआठ मीटर रुंद चित्रात डावीकडे एक बैल आहे. त्याच्या खाली मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई. बैलाला दोर नाही, जखम नाही, समोर मॅटाडोर नाही. तो क्रूर सत्ता आहे, की सगळे पाहून स्तब्ध झालेला स्पेन? १९४५ मध्ये पिकासो म्हणाला की बैल म्हणजे क्रौर्य आणि अंधार. दोनच वर्षांनी त्याचा निरोप आला की बैल म्हणजे बैल. यात लपवाछपवी शोधण्याचे कारण नाही. प्रतीक पक्के बांधून टाकले की ते मरते, हे त्याला ठाऊक होते. डिसेंबर १९४५ ते जानेवारी १९४६ या काळात पॅरिसच्या मूर्लो छापखान्यात त्याने एकाच दगडावर बैलाची अकरा रूपे छापली. आधी खराखुरा, मग अधिक थोराड, मग सांधे दिसतील असा कापलेला, आणि शेवटी मोजक्या रेषांचा. अकरावे चित्र पाहताना लास्कोची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे विसाव्या शतकात बैल राजकारणात आला. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावले. नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातकागदावर गावच्या जीवनाची सुमारे चारशे चित्रे केली. ढोलकीवाला, सुतार, चांभार यांच्या रांगेत बैलाला आवरणारा गडीही आहे. ही चित्रे रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्याने पाहावीत म्हणून उघड्यावर लावली होती. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांचा रथ ५१ बैलांनी ओढला, कारण ते एकावन्नावे अधिवेशन होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीपासून १९६९ च्या फुटीपर्यंत जू घेतलेली बैलजोडी ही काँग्रेसची निशाणी होती. गावोगावच्या भिंतींवर ती गेरूने, चुन्याने इतक्या वेळा काढली गेली, की देशात सर्वाधिक रंगवलेला बैल बहुधा तोच. तो जुवाखालचा बैल होता आणि मते मागत होता त्याला जुंपणाऱ्यांकडे.

त्याच काळात मुंबईत तैयब मेहतांनी दुसरा बैल रंगवला. ‘ट्रस्ड बुल’, १९५६. चारी पाय आवळून जमिनीवर पाडलेला बैल. कत्तलखान्यात त्यांनी पाहिले ते असे: एवढे ताकदीचे जनावर, आणि मारण्याआधी त्याला हलता येऊ नये म्हणून ही बांधणी. फाळणीच्या दंगलीत १९४७ मध्ये मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी खिडकीतून पाहिले होते. त्या माणसापासून या बैलापर्यंतचे अंतर फार नाही. १९७० च्या ‘कूडल’ या त्यांच्या लघुपटातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये आहेत. पुढची पन्नास वर्षे हा बैल त्यांच्या कॅनव्हासवर कोसळत राहिला. दहा हजार वर्षांपूर्वी गळ्यात आलेला दोर इथे पायांत उतरला आहे, आणि तो कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये हे चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपयांना गेले. किमतीची बातमी झाली. पायांतल्या दोराबद्दल त्या बातम्यांत फारसे आले नाही.

शेवटचे प्रकरण महाराष्ट्राचे आहे. वारली चित्रांत, विशेषतः जिव्या सोमा मशे यांच्या कामात, बैल नांगराला असतो नाहीतर खळ्यावर मेढीभोवती फिरत असतो. तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ आणि बारीक वाकडी शिंगे, बस्स. तिथे बैल माणसाहून थोर नाही आणि हीनही नाही. आणि पोळ्याला, दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला, तर बैलाचे अंगच भिंत होते. आदल्या दिवशी खांदेमळणी. मग शिंगे साळायची, हिंगुळाने किंवा हल्ली ऑइलपेंटने रंगवायची, बेगड चिकटवायची. पांढऱ्या खिल्लाराच्या अंगावर वाटीची कड गेरूत बुडवून गोल ठसे उठवायचे, वर झूल आणि बाशिंग. हे काम करणाऱ्याला कोणी चित्रकार म्हणत नाही, म्हणून त्याची छायाचित्रे इथे चित्रांच्या पंक्तीला बसवली आहेत. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नसते. वेसण आणि कासरा मात्र नवा कोरा असतो. कृतज्ञता आणि मालकी एकाच वेळी दाखवणारे इतके प्रामाणिक चित्र दुसरे नसेल.

काय गाळले तेही सांगायला हवे. विषय चित्रांचा ठेवल्यामुळे शिल्पे घेतली नाहीत. त्यामुळे प्रवराकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला ब्राँझचा बैलरथ इथे नाही, आणि सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवलेला दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजाराचा बैलही नाही. महिषासुर हा रेडा. त्याची कथा आणि चित्रपरंपरा वेगळी, म्हणून तोही बाजूला ठेवला.

शेतातला बैल कमी होत चालला आहे. पुढच्या पिढीतल्या अनेकांना बैल आधी चित्रात भेटेल, मग कदाचित प्रत्यक्षात. त्यांच्यासाठी हा संग्रह अधिक गरजेचा आहे. वाचकांना एकच विनंती आहे. प्रत्येक पान उघडल्यावर लगेच खालचा मजकूर वाचू नका. आधी बैलाची नजर कुठे आहे ते पाहा, मग त्याच्या शेजारी माणूस किती मोठा काढला आहे ते पाहा, आणि मग दोर शोधा. अर्थ त्यानंतर वाचला तरी चालेल. तो पटला नाही तर तुमचा स्वतःचा समासात लिहून ठेवा.